पोरगं दारू कुठं शिकतं?

पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं पिऊन घरी आलं, की एकच कल्ला होतो. माय रडते. बाप काठी शोधतो. "कोणाच्या नादी लागला रे?" असं सारे विचारतात. कोणी मित्राचं नाव घेतो, कोणी सिनेमाचं, कोणी मोबाईलचं.

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. पोरांशी बोललो. पहिला घोट बहुतेक पोरं मित्राबरोबर घेतात, हे खरे. पण दारूत काही वावगं नाही, हे ती त्याच्या आधीच शिकलेली असतात. तेही घरात.

पाहा बरं. संध्याकाळी बाप बाजेवर बसतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात नोट देतो. म्हणतो, "जा बाबू, एक पव्वा घेऊन ये. उरलेल्या पैशाचा खाऊ घे." पोरगं पळत जातं. दुकानदार त्याला ओळखतो. पव्वा आणला की शाबासकी, वर खाऊ! मग पोळ्याची कर येते, लग्नाची वरात येते, निवडणूक येते. मोठी माणसं ताटाभोवती बसतात. कोणी काका हसत म्हणतो, "घे रे थोडी, आता मोठा झाला तू." सारे हसतात. तेच पोरगं सहा वर्षांनी चोरून प्यालं, की काठी निघते. त्याने काय समजावं?

काही जाणते म्हणतील, "गुरुजी, मोहाची दारू तर आपल्याकडे वाडवडलांपासून आहे." आहे. आपल्या जिल्ह्यातले गोंड, कोलाम बांधव आधी देवाला वाहतात, मग घेतात. त्याला सण होता, पंगत होती, चार वडील बसलेले असत. आजचा पव्वा रोजचा आहे. त्याला ना देव, ना पंगत. दोन्ही एका मापाने मोजू नये.

आता शरीराचं पाहू. माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. कोवळ्या वयात दारू पोटात गेली, तर आठवण आणि विचार यांना ती बाधते. लवकर सुरू करणाराला पुढे व्यसन जडण्याचा धोकाही जास्त. "थोडीशी चालते" असं आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की अमुक इतकी दारू निर्धोक, असं माप नाही. हातभट्टीच्या दारूत तर विषारी मिथेनॉल असू शकते. त्याने डोळे जातात, जीवही जातो. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभरावर माणसं मेली. सारी कष्टकरी माणसं.

कायदा काय म्हणतो, तेही वाचून ठेवा. आपल्या राज्यात २१ वर्षांच्या आतल्याला बिअरसुद्धा विकता येत नाही. विदेशी कडक दारूला २५ वर्षे लागतात. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आणखी कलमे आहेत. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला दारू दिली, किंवा दारूची ने-आण करायला त्याला वापरले, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "जा बाबू" म्हणणाऱ्या किती बापांना हे ठाऊक असेल?

यावर बाया विचारतात, "घरी आम्ही जपू हो, पण दुकानच गावात आहे, त्याचं काय?"

शेजारी पाहा. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. तरी चोरून दारू येतेच. चंद्रपूरला २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. त्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या अलीकडे आपल्या वणी तालुक्यात दुकानं उघडीच होती. पलीकडचे पिणारे पूल ओलांडून यायचे. म्हणून बंदी फुकट, असे आम्ही म्हणत नाही. दुकान दूर गेले, की पोराला पळत जाऊन पव्वा आणता येत नाही, एवढं तर होतं.

परवान्याचं दुकान हटवायला बायांच्या हाती मत आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी निदान २५ टक्के जणींनी अर्ज करायचा. अर्जावरच्या सह्या अधिकारी तपासतात. मग गुप्त मतदान होते. कागदावर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. गावात ४०० महिला मतदार असतील, तर अर्जाला १०० सह्या लागतील. आडव्या बाटलीला मात्र निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान २०१ मते हवीत. आलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या साऱ्या बायांच्या निम्म्याहून जास्त. त्या दिवशी २२० जणी आल्या आणि २०० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान राहते. निंदणाला, कापूस वेचायला गेलेल्या बायांना त्या दिवशी वावरातून बोलावून आणावे लागते.