घरचे मलम किती दिवस वापरावे?

काही दिवसांपूर्वी सकाळी दवाखाना उघडताच मायलेकी आल्या. मुलीचे लग्न दहा दिवसांवर आलेले आणि दोन्ही गालांवर पू भरलेल्या पुटकुळ्या. मुलीचे डोळे रडून लाल झाले होते.

"डॉक्टर, बाजारातलं काहीच लावलं नाही हो," आई म्हणाली. "कोरफडीचा गर, गुलाबपाणी, सगळं घरचं."

"केव्हा केलं होतं?"

"तीन आठवडे झाले असतील. पण टिकावं म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅपसूल फोडून घातल्या होत्या."

मी जरा ओशाळलो. काही महिन्यांपूर्वी याच बाईंना 'घरचेच वापरा' असा सल्ला मी दिला होता. ते किती दिवस वापरावे, हे सांगायचे राहून गेले. ते आज सर्वांनाच सांगतो.

पदार्थ बिघडण्याच्या दोन तऱ्हा आपल्या गृहिणींना चांगल्या ठाऊक आहेत. तेल खवट होते आणि दूध नासते. तेल खवट होते ते हवेतल्या प्राणवायूमुळे. ऊन, उष्णता आणि तांब्या-लोखंडाचा स्पर्श यांमुळे ही क्रिया आणखी वेगाने होते. ती लांबवणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. व्हिटॅमिन ई हे त्यांपैकीच एक. दूध मात्र नासते ते जिवाणूंमुळे. त्यांना रोखणारी द्रव्ये वेगळी, त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. पहिल्याचे काम दुसरा करीत नाही. त्यामुळे कोरफडीच्या गरात कितीही व्हिटॅमिन ई घातले तरी जिवाणूंची वाढ थांबत नाही. शिवाय औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅपसूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असते. ते शरीरात गेल्यावर कामी येते, बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून ते वाचवीत नाही.

खरी गोम पाण्यात आहे. पाण्यावाचून जिवाणू आणि बुरशी वाढत नाहीत. लोणी दोन दिवसांत आंबते, पण कढवून पाणी उडवले की तेच तूप महिनोन् महिने टिकते. आजीचे उटणे वर्षभर टिकायचे, कारण ते कोरडे असायचे आणि पाण्यात किंवा दुधात कालवायचे ते अंघोळीच्या वेळीच. याउलट शतधौत घृतात धुताना पाणी मुरलेले असते, म्हणून ते थोडेच करावे.

"उकळून घेतले तर?" असे काहीजण विचारतात. उकळल्याने बरेच जिवाणू मरतात, पण काहींची बीजे तग धरतात. शिवाय थंड झाल्यावर आपले बोट बाटलीत जातेच. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. आणि जिवाणू लाखोंनी वाढले तरी वास किंवा रंग बदलेलच असे नाही. म्हणून नाकावर भरवसा ठेवू नये.

मग घरी प्रिझर्व्हेटिव्ह घालावे का? माझे मत, अंदाजाने घालू नये. सरबतात घालतात ते सोडियम बेंझोएट आंबट मिश्रणातच नीट काम करते. फिनॉक्सिइथॅनॉलला युरोपात १ टक्क्याची मर्यादा आहे. चमच्याने हे माप जमत नाही. काहींना अशा द्रव्यांची ॲलर्जीही येते. मात्र त्यांना सरसकट विष म्हणणेही बरोबर नाही. योग्य प्रमाणात ती संसर्गापासून आपले रक्षणच करतात.

घरी करायचेच असेल तर एवढे पाळा :

१) कोरफड, काकडी, दूध, दही, फळांचा गर यांचा लेप लागेल तेवढाच करावा आणि उरलेला टाकून द्यावा.

२) उटणे, मुलतानी माती, हळद कोरडी ठेवावी. डब्यात ओला चमचा किंवा ओला हात घालू नये.

३) तेल लहान, गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे. खवट वास आला की लावू नये.

४) लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नये. त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

५) जखमेवर, फुटलेल्या पुटकुळीवर किंवा डोळ्यांजवळ घरचे लेप लावू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे.

पू, ताप किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे मलम आणून लावू नये. त्याने लाली तात्पुरती जाते आणि संसर्ग आत वाढतो.

त्या मुलीचे लेप बंद केले, औषधे दिली. आठवड्याभरात पुटकुळ्या सुकल्या, थोडे डाग तेवढे राहिले. लग्नाला मी गेलो होतो. आई हसून म्हणाली, "डॉक्टर, हळद आज सकाळीच कालवली बरं का!"