लाल बटणाचा खरा खर्च

जुन्या लेथला किंवा कन्व्हेयरला इमर्जन्सी स्टॉप बसवायचा म्हटलं की वर्कशॉपमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'बटण केवढ्याला?' बटण स्वस्तच आहे. दाबलं की अडकून राहणारं, फिरवून सोडवायचं, बऱ्या कंपनीचं मशरूम बटण साधारण 300 ते 700 रुपयांत येतं. (इथले सगळे आकडे अंदाजे; जीएसटी वेगळा.) पैसे लागतात ते बटणामागच्या कामाला.

साध्या लेथवर बटणाचा एनसी (एरवी जुळलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये घेतला की काम भागतं. पिवळा बॉक्स, वायर, ग्लँड आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून दीड-दोन हजार. कॉन्टॅक्ट एनसीच हवा. त्याची वायर तुटली तर मशीन बंद पडतं आणि बिघाड लगेच कळतो. एनओ (एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा) वापरला, तर वायर तुटल्याचं ज्या दिवशी बटण दाबाल त्याच दिवशी कळेल.

पॅनेल उघडून बटणाची मागची बाजू एकदा बघाच. कॉन्टॅक्ट ब्लॉक नुसता क्लिपवर बसवलेला असतो. मशीनच्या हादऱ्याने क्लिप सुटली की ब्लॉक खाली लोंबकळतो, कॉन्टॅक्ट मात्र जुळलेलाच राहतो. पुढून बटण ठणठणीत दिसतं, दाबलं तर काहीच होत नाही. ब्लॉक निखळला की सर्किट आपोआप तोडणारे ब्लॉकही मिळतात, काहीशे रुपये जास्त देऊन. तिथे कंजुषी नको.

धोका मोठा असेल तर दोन चॅनेलचं बटण, सेफ्टी रिले आणि सिरीजमध्ये दोन कॉन्टॅक्टर लागतात. एकटा रिलेच सहा ते पंधरा हजार. पॅनेलच्या कामासकट पंधरा ते तीस हजार धरून चाला. मोटर ड्राइव्हवर असेल तर आधी मॅन्युअल बघा. त्यात सेफ टॉर्क ऑफची सोय असेल, तर कॉन्टॅक्टरचा खर्च वाचू शकतो. लांब कन्व्हेयरला जागोजागी बटणं लावण्यापेक्षा दोरी ओढायचा स्विच बरा; एकेक तीन ते आठ हजार.

आयएसओ 13850 प्रमाणे बटण लाल, मागची पार्श्वभूमी पिवळी, उंची कामगार उभा राहतो तिथून 0.6 ते 1.7 मीटर. आणीबाणीत वीज तोडण्याची सोय तर आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यानेच कलम 24 मध्ये बंधनकारक केली होती.

पिन क्लचच्या पावर प्रेसचं गणित मात्र निराळं. क्लच एकदा गुंतला की रॅम अख्खा फेरा मारूनच थांबतो. बटण मोटरची वीज तोडेल, फ्लायव्हीलमधली ताकद कशी तोडणार? बोटं डायमध्ये असतील तर तीस हजारांचं रिले-पॅनेलही कामाचं नाही. म्हणून अशा प्रेसला पहिला खर्च डायभोवतीच्या पक्क्या गार्डचा. जवळच्या फॅब्रिकेटरकडे तो काही हजारांत होतो. बटण लावायचंच, पण त्यानंतर.

काम झालं की पॅनेलवाल्यासमोर मशीन रिकामं चालवून बटण दाबा आणि थांबायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. मग बटण फिरवून सोडा. मशीन आपणहून सुरू होता कामा नये. हिरवं बटण दाबल्यावरच व्हावं. दोन-तीन बटणं असतील तर प्रत्येकाची वेगळी चाचणी घ्या आणि उरलेले पैसे त्यानंतरच चुकते करा.