तलाव खोदायचा आहे? मग आधी महिन्याचा हिशोब मांडा

पांढुर्णा-सौसर भागात बरेच जण स्वतःचा तलाव बांधायच्या विचारात आहेत. 'एकूण खर्च किती' हे सगळेच विचारतात. 'कोणत्या महिन्यात किती पैसा लागेल आणि तवा हातात किती असेल' हे मात्र कोणी विचारत नाही. काम अडते ते इथंच.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १ हेक्टर नव्या तलावाचा खर्च ७ लाख धरला आहे. सबसिडी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. समजा सर्वसाधारण गटातल्या भाऊंचे स्वतःचे २ लाख, बँकेचे कर्ज २.२० लाख आणि सबसिडी २.८० लाख. बेरीज बरोबर ७ लाख! आता हेच महिन्यावार मांडू (आकडे लाखात, नमुन्यादाखल) :

🔹 मार्च : आले २.००, गेले १.५०, शिल्लक ०.५०
🔹 एप्रिल (जेसीबी, ट्रॅक्टर) : आले १.१०, गेले २.६०, तूट १.००
🔹 मे (पाळ दाबणे, पाइप) : आले १.१०, गेले २.००, तूट १.९०
🔹 जून (दगडी पिचिंग) : आले ०, गेले ०.९०, तूट २.८०
🔹 सप्टेंबर : सबसिडी २.८०, तूट ०

बेरीज जुळली, तरी जूनमध्ये २.८० लाखांचा खड्डा पडला. तो सावकाराच्या महिना ३ टक्क्यांनी भरला, तर जून ते सप्टेंबर नुसते व्याजच २५,२०० रुपये. नाही भरला, तर काम थांबते आणि पहिल्या जोरदार पावसात कच्ची पाळ वाहून जाते. त्यातच मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, म्हणजे नदी-धरणावरची कमाईही नाही. बीज सोडायचा हंगाम हुकला, तर वर्ष गेलेच समजा.

आपल्या कन्हानचे पाणी पुढे वैनगंगेला मिळते. त्याच वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प सुरुवातीला ३७२ कोटींचा होता, आता १८ हजार कोटींच्या पुढे गेला. भूसंपादन, पुनर्वसन अशी कारणे बरीच, पण काम लांबले की खर्च वाढतो, हे लहान तलावालाही लागू आहे.

मग करायचे काय?
✅ सर्वात मोठी तूट कोणत्या महिन्यात, ते आधी काढा. तेवढ्या पैशाची सोय झाल्याशिवाय जेसीबी बोलावू नका.
✅ कर्जाचे हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळावेत, हे बँकेशी आधीच बोला.
✅ ठेकेदाराला मोजमाप झाल्यावरच पैसे द्या. १० टक्के शेवटपर्यंत राखून ठेवा.
✅ सबसिडी दोन महिने उशिरा आली तर काय, असाही एक हिशोब मांडा.
✅ जमत नसेल तर यंदा अर्धा हेक्टर करा.
✅ दर पंधरा दिवसांनी खरे आकडे लिहून पुढचा अंदाज बदला.

वही घरच्या बाईच्या हाती द्या. उधारी कोणाची किती, हे तिलाच पक्के माहीत असते. पैसा येतेच, पण कवा येते, हे आधी पाहा!