अर्ध्या तासाचा रियाज: गळा, बोटं आणि मेंदू

परदेशात राहून गाणं किंवा वाद्य शिकणाऱ्या मंडळींची नेहमीची अडचण तुम्हाला ठाऊक असेलच. आठवड्यातून एक ऑनलाइन शिकवणी, बाकी नोकरी, मुलं, घरकाम. रोज दोन तास रियाजाला आणायचे कुठून? आणि तेवढे मिळत नसतील तर शिकून उपयोग काय, असं म्हणत एक दिवस पेटीवर खोळ चढते ती कायमची. ती चढवण्याआधी, सराव करताना आपल्या मेंदूत आणि गळ्यात काय घडतं ते पाहू या.

आधी तासांचा हिशोब. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत सरस विद्यार्थ्यांचा वयाच्या १८व्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी सुमारे ७,४०० तास होता, तर त्यांच्याखालच्या गटाचा सुमारे ५,३००. पुढे याच अभ्यासातून 'दहा हजार तास' हा लोकप्रिय आकडा निघाला. पण २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की संगीतातल्या कौशल्यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे २१ टक्के भागच सरावाच्या प्रमाणाशी जोडता येतो. तास लागतातच, पण नुसते तास मोजून सगळं कळत नाही.

मग फरक कशाने पडतो? टेक्सास विद्यापीठात १७ पियानोवादक विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या रचनेतला एक छोटा तुकडा बसवायला दिला गेला. हवा तेवढा वेळ घ्या, उद्या वाजवून दाखवा, एवढीच अट. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दुसऱ्या दिवशी कोण चांगलं वाजवेल, हे त्याने किती वेळ किंवा किती वेळा घोटलं यावरून सांगता येत नव्हतं. चुका सगळ्यांच्याच झाल्या होत्या. सरस ठरलेल्यांनी मात्र चूक नेमकी कुठे होते ते हेरलं, लय कमी केली आणि ती जागा बिनचूक होईपर्यंत सोडली नाही. बाकीचे अडखळून तसेच पुढे जात होते.

लय कमी करण्यामागचं कारण गळ्याच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. गाताना स्वर हलला, की कानाला ते कळून गळ्याने दुरुस्ती सुरू करायला साधारण एक दशांश सेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो. आता सेकंदाला आठ स्वर जाणारी तान घ्या. प्रत्येक स्वराच्या वाट्याला येतो एक अष्टमांश सेकंद. कानाचा निरोप गळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो स्वर निघूनही गेलेला असतो! म्हणून द्रुत तान कानाच्या दुरुस्तीवर चालत नाही, आधी पक्क्या बसलेल्या आराखड्यावर चालते. हा आराखडा संथ लयीत तयार होतो, कारण तिथे कानाला सुधारणेसाठी वेळ मिळतो. जलद घोटलेली चूकही तितकीच पक्की होते, मेंदू बरोबर आणि चूक असा भेद करून साठवत नाही. गुरुजी 'सावकाश म्हण' म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. २००२ सालच्या एका प्रयोगात लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि अचूकता घटली नाही. यात झोपेचा वाटा किती आणि नुसत्या विश्रांतीचा किती, यावर पुढे वाद झाले. पण सरावाच्या मध्ये अंतर ठेवावं, याला एबिंगहाउसच्या १८८५ सालच्या स्मरणशक्तीवरील पुस्तकापासून आधार मिळत आला आहे. त्यामुळे रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा तेच तीन तास सहा दिवसांत अर्धा-अर्धा तास वाटून घ्या.

तिसरी गोष्ट जरा उफराटी वाटेल. १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हातांच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एक पूर्ण घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने तिन्ही आलटून-पालटून केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी दुसरा सरस ठरला. सरावात छान जमणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हे सगळं तुमच्या अर्ध्या तासात बसवू. समजा तुम्ही भूप शिकताय:

१. पहिली ५ मिनिटं: तंबोऱ्यासोबत षड्ज, मग सावकाश आरोह-अवरोह.

२. पुढची १० मिनिटं: एकच अडलेली जागा. 'गपधसां' करताना धैवत उतरत असेल, तर फक्त 'पधसां' घ्या. चार वेळा सलग सुरेल आलं, की लय किंचित वाढवा. चुकलं, की मागच्या लयीवर या.

३. पुढची १० मिनिटं: तोच पलटा, बंदिशीचा अंतरा आणि गेल्या महिन्यातली एखादी तान आलटून-पालटून. वही न उघडता.

४. शेवटची ५ मिनिटं: एकदा गाऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि ऐका. गाताना लक्ष विभागलेलं असतं, ऐकताना नसतं. कुठे अडलं ते एका ओळीत लिहा. उद्याच्या दुसऱ्या पायरीचं काम ठरलं.

वादकांनीही हाच आराखडा घ्यावा, स्वरांऐवजी कायदा किंवा गत. मुलांचा रियाज घेणाऱ्या पालकांनी 'किती वेळ बसलास?' याऐवजी 'आज कोणती जागा सुटली?' असं विचारून पाहावं.

आठवड्याने पहिलं आणि शेवटचं ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐका. धैवत जागेवर आला असेल, तर अर्धा तास पुरतोय. नसेल आला, तर तुकडा आणखी छोटा करा.