खबऱ्याची खबर आणि न्यायालयातील पुरावा

अमली पदार्थांच्या विक्रीचा गुन्हा सहसा कोणाच्या फिर्यादीवरून उघडकीस येत नाही. घेणारा व देणारा दोघेही राजीखुशीने व्यवहार करतात. मग पोलिसांकडे जाणार कोण? म्हणून पोलिसांना खबऱ्यावर विसंबावे लागते. परंतु खबऱ्याच्या शब्दावर एखाद्याला शिक्षा व्हावी काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वसई पूर्वेस आमच्या एव्हरशाईन सिटीतील एका नाक्यावर अमुक तरुण मेफेड्रोनच्या पुड्या विकतो, अशी खबर आली. पोलिसांनी त्याला धरले. खिशात पुड्या सापडल्या. येथे खबरीचे कार्य संपले. खबर तपासाला दिशा देते. ती स्वतः पुरावा नव्हे. साक्षीला न आलेल्या माणसाचे बोलणे अधिकाऱ्याने सांगितले, तरी ती ऐकीव गोष्टच. शिवाय १९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे, खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. ज्याची उलटतपासणीच होत नाही, त्याच्या शब्दावर दोषसिद्धी कशी उभी राहणार? ती उभी राहते जप्तीवर.

म्हणूनच जप्तीचे नियम कडक आहेत. सदनिकेत शिरावयाचे तर कलम ४२ प्रमाणे खबर लिहून ठेवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे धाडावी लागते. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे, हे आरोपीला सांगावे लागते. हे न करता मिळालेला माल बेकायदा ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बलदेवसिंग खटल्यात १९९९ साली ठरविले. पुढे मोहोर, नमुना व रासायनिक तपासणी ही साखळी अखंड हवी. गोव्यातील एका खटल्यात चरसाच्या दोन तुकड्यांपैकी एकच तपासणीस पाठविला होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेवढाच तुकडा चरस म्हणून सिद्ध झाल्याचे मानले आणि शिक्षा कमी केली.

खबऱ्याच बनावट गिऱ्हाईक झाला, की प्रश्न बदलतो. आता तो विक्रीचा प्रत्यक्षदर्शी असतो. त्याला न्यायालयात आणले नाही आणि देवघेव पंचांनी वा पोलिसांनीही पाहिली नाही, तर जप्तीवरून ताबा सिद्ध होईल. ती विक्री मात्र सिद्ध होणे कठीण. तो आला, तरी बक्षिसाचा लोभ, जुने वैर किंवा स्वतःवरील खटल्यातून सुटण्याची आशा त्याच्या साक्षीमागे आहे काय, हे पाहावे लागते.

साक्षीदार केवळ पोलीस आहे म्हणून त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही, हे खरे. फिर्याद देणाऱ्या अधिकाऱ्यानेच तपास केला, एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, असेही घटनापीठाने मुकेशसिंग खटल्यात २०२० साली सांगितले. उलट, एकदा ताबा सिद्ध झाला की कलम ३५ व ५४ मधील गृहीतके आरोपीविरुद्ध जातात आणि निरपराधित्व दाखविण्याचा भार त्याच्यावर पडतो. मेफेड्रोन ५० ग्रॅमहून अधिक असेल, तर किमान शिक्षा १० वर्षांची आहे.

माझ्या मते, याच कारणाने पहिला दुवा निर्विवाद असला पाहिजे. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात, हे कोण नाकारील? पण खिशात पुडी सापडली की कोणी ठेवली, हा प्रश्न निष्पाप तरुणाच्या बाबतीतही उद्भवू शकतो. त्याचे उत्तर देण्यास पडद्याआडचा खबऱ्या येत नाही. ते पुराव्यानेच द्यावे लागते.