वळण लावायचं की ओळखायचं?

मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून तिने पर्समधल्या छोट्या वहीत आकडा लिहिला : ८. अस्वस्थता शून्य ते दहा या पट्टीवर मोजायची, दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची आणि काहीही झालं तरी दोन तास हॉल सोडायचा नाही, असा समुपदेशकांनी दिलेला गृहपाठ होता. टिकून बसलं की आकडा आपोआप खाली येतो, असं त्यांनी समजावलं होतं. सनई थांबली, बँड सुरू झाला. वाढप्यांच्या हाका, स्टीलच्या ताटांचा खणखणाट, अत्तर आणि मसालेभाताचा एकमेकांत मिसळलेला वास, डोक्यावर पांढरेफटक दिवे. वहीतले आकडे असे आहेत : ८, ९, ९, १०, १०. त्यापुढचं पान कोरं आहे.

“आत्या काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द लागत नव्हते,” ती सांगते. “घरी आले आणि तीन दिवस माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. पुढच्या भेटीत सरांना वही दाखवली, तर ते म्हणाले, ‘तुम्ही मनापासून प्रयत्न केलेला दिसत नाही.’ आणि मला ते पटलं! सगळ्यात वाईट त्याचं वाटतं.”

ती ४१ वर्षांची आहे, पुण्यात विमा कंपनीत नोकरी करते. वयाच्या ३९व्या वर्षी तिला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. मंगल कार्यालयातला प्रसंग त्याआधीचा. आपल्यावर आलं ते दुसऱ्या कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी ती हे सगळं सांगते आहे. नाव मात्र नको, असं तिचं म्हणणं आहे.

लहानपणी तिच्यासाठी घरात दोन शब्द ठरलेले होते, धांदरट आणि तुसडी. डबा शाळेत राहायचा, छत्री बसमध्ये. पाहुणे आले की ती माळ्यावर जाऊन बसायची. मार्क उत्तम, त्यामुळे शाळेला काळजीचं कारण दिसलं नाही. आईला वाटायचं, पोरीला वळण नाही. मग वळण लावायचं काम सुरू झालं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल, हाक मारली की हसून ये, हात सारखे हलवू नकोस. ती मोठ्या बहिणीकडे बघून एकेक गोष्ट पाठ करत गेली. बहीण किती वेळ हसते, कुठे ‘अगंबाई’ म्हणते, निघताना दारात किती वेळ बोलते, सगळं. हे इतकं जमलं, की कॉलेजात तिला लोक बोलकी म्हणायचे. संध्याकाळी खोलीचं दार लावून ती अंधारात पडून राहायची, ते कुणाला दिसत नव्हतं.

अशा पाठ केलेल्या वागण्याला मास्किंग म्हणतात. ब्रिटनमधल्या लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ऑटिझम असलेल्या प्रौढांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते या पुणेकर बाईच्या अनुभवाशी जुळतं. वरून सगळं सुरळीत, आत प्रचंड दमणूक आणि ‘मी नक्की कोण’ हा गोंधळ. अमेरिकेतल्या डोरा रेमेकर यांच्या गटाने २०२०मध्ये या दमणुकीच्या टोकाचं वर्णन केलं. दीर्घकाळ टिकणारा थकवा, आधी येत असलेली कामंही न जमणं, आवाज आणि उजेड सहन न होणं ही त्याची लक्षणं. वरवर ते नैराश्यासारखं दिसतं. पण नैराश्यात ‘बाहेर पडा, माणसांत मिसळा’ हा सल्ला अनेकदा उपयोगी ठरतो, तर इथे तोच सल्ला उरलासुरला जोर काढून घेऊ शकतो.

पहिल्या समुपदेशकांकडे नेमकं हेच झालं. त्यांची पद्धत खोटी नव्हती. भीतीचा सामना टप्प्याटप्प्याने करायचा, हे तंत्र कसोटीला उतरलेलं आहे. कुत्र्याची भीती वाटणारा माणूस शांत कुत्र्याजवळ बसला, की ‘हा चावणार’ हा अंदाज खोटा ठरतो आणि भीती ओसरते. तिचा कोणताही अंदाज खोटा ठरणार नव्हता. बँडचा आवाज तिच्या कानांना खरोखरच टोचत होता आणि दोन तासांनीही तो तेवढाच टोचणार होता. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती अनेकांना ऐकून ठाऊक आहे. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार त्रास देतो, हे तिचं सूत्र हजारोंच्या कामी आलं आहे. पण ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याने कुणाचं डोकं दुखत असेल, तर तिथे अविवेकी विचार शोधत बसण्यात काय हशील? तिथे दिवा बदलावा लागतो.

मोठेपणी मदत मागायला येणाऱ्यांमधलं ऑटिझम किंवा एडीएचडी का ओळखू येत नाही, याचं एक कारण निदानाच्या इतिहासात आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत २०१३पर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन निदानं एकाच माणसाला देताच येत नव्हती. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीने ती मुभा दिली. एडीएचडीची लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली आणि १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी ठरली. म्हणजे आज चाळिशीत असलेली माणसं शाळेत होती, तेव्हा त्यांना मोजायची पट्टीच वेगळी होती. त्यातून गप्प, हुशार मुलगी कुणाच्याच डोळ्यांत भरायची नाही.

पहिला अनुभव असा गेल्यावर ती वर्षभर कुणाकडे गेली नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून एका ‘कोच’कडे पोचली. बारा सत्रांचे पैसे आधी भरायचे, परत मिळणार नाहीत. एडीएचडी ही तुमची ‘सुपरपॉवर’ आहे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. “ऐकून इतकं बरं वाटलं, की रडले,” ती म्हणते. “पण त्या महिन्यात वीजबिल भरायचं तिसऱ्यांदा राहिलं होतं. त्यांना ते सांगितलं, तर म्हणाले, नकारात्मक बोलू नका. आधीच्यांनी मला आळशी ठरवलं होतं, यांनी जादूगार. माझं वीजबिल दोघांनाही दिसलं नाही.” चौथ्या सत्रानंतर ती थांबली. पैसे गेले ते गेले.

‘न्यूरोडायव्हर्जंट’, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या माणसाला आहे तसं मान्य करणारं समुपदेशन म्हणजे नुसतं कौतुक, हा गैरसमज इथूनच पसरतो. मेंदूंच्या विविधतेची ही कल्पना १९९०च्या दशकात ऑटिझम असलेल्या लोकांच्या आपापसातल्या चर्चांतून आकाराला आली. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक जुडी सिंगर यांनी १९९८च्या आपल्या प्रबंधात तिची मांडणी केली. वेगळी घडण म्हणजे बिघाड नव्हे, हे त्यातलं मुख्य म्हणणं. अडचणी नाहीत, असं ते म्हणत नाही. अडचणींतला काही भाग माणसात असतो, काही भोवतालात आणि काही दोघांच्या मधल्या जागेत. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिझम असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२मध्ये त्या मधल्या जागेकडे बोट दाखवलं. एकमेकांना समजून घेण्यातली गफलत दुहेरी असते. ऑटिझम असलेल्याला इतरांचं कळत नाही म्हणतात, तसं इतरांनाही त्याचं कळत नसतंच.

तिसऱ्या समुपदेशक तिला मैत्रिणीमुळे मिळाल्या. भेटीआधीच त्यांचा निरोप आला. खोलीत दिवा कसा हवा, पंखा चालेल का, समोरासमोर बसायचं की शेजारी, पहिल्या दिवशी काय काय विचारलं जाईल, सगळं त्यात लिहिलेलं होतं. भेटीत त्यांनी डोळ्यांत बघायची अपेक्षा ठेवली नाही. ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारल्यावर ती नेहमीसारखी गप्प झाली, तेव्हा त्यांनी प्रश्न बदलला : जबडा आवळलेला आहे का? हात गार पडलेत का? स्वतःच्या भावनांना नाव देणं अवघड जाण्याला अॅलेक्झिथायमिया म्हणतात आणि ऑटिझम असलेल्या सुमारे निम्म्या लोकांत ते आढळतं. अशा माणसाचं ‘माहीत नाही’ हे उत्तर टाळाटाळ नसतं, अक्षरशः खरं असतं.

तिला मोडी लिपीचा नाद आहे. रोज रात्री जुन्या कागदांच्या प्रती घेऊन बसते. हे कळल्यावर समुपदेशकांनी विषय बदलला नाही, उलट विचारलं, अनोळखी कागद हातात आला की तुम्ही सुरुवात कुठून करता? “मी म्हटलं, मोडी लेखणी न उचलता सलग लिहितात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घ नसतं. म्हणून आधी त्या लिहिणाऱ्याचं वळण ओळखायचं. त्याचा ‘र’ कसा, त्याचा ‘क’ कसा. ते कळलं की कागद वाचता येतो. तर त्या म्हणाल्या, मग आपण महिनाभर तुमचं वळण बघू. काहीच बदलायचं नाही.” त्या महिन्यात दोघींनी दोन रकान्यांची वही केली. एका रकान्यात मनात आलेला विचार, दुसऱ्यात अंगावर आलेली गोष्ट : आवाज, वास, भूक, झोप. ऑफिसमधल्या ‘पॅनिक’पैकी बरेचसे प्रसंग दुसऱ्या रकान्यात जाऊन बसले. दुपारचा डबा विसरलेल्या दिवशी, एसीच्या झोताखालच्या जागेवर. पहिल्या रकान्यात उरलं ते एकच वाक्य, पुन:पुन्हा : मी सगळ्यांना त्रास देते. विचारांवर काम करायची पद्धत तिथे वापरली आणि तिथे ती लागू पडली.

यातली कुठलीच गोष्ट मनाची लहर नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२मध्ये ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत समुपदेशनाची रीत कशी बदलावी ते स्पष्ट दिलं आहे. सत्राची आखणी ठरलेली असावी, बोलण्याला लेखी आणि चित्रांची जोड असावी, अलंकारिक भाषा टाळावी, अध्याहृत नियम उघड सांगावेत, मध्ये विश्रांती घ्यावी आणि त्या माणसाच्या आवडीच्या विषयाचा उपयोग करून घ्यावा.

आता कुणी मदत शोधत असेल, तर तिच्या अनुभवातून काही गोष्टी आधीच ठरवून घेता येतील. पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारावेत. प्रौढ वयातला ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्यांबरोबर तुम्ही काम केलं आहे का? त्यांच्यासाठी तुमच्या पद्धतीत काय बदलता? सत्राचा सारांश लिहून द्याल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘सगळ्यांना सारखंच’ असं उत्तर आलं, तर तिथेच आभार मानावेत. डोळ्यांत बघणं, हात न हलवणं ही उपचाराची उद्दिष्टं म्हणून सांगितली, तर ती कोणाच्या सोयीसाठी आहेत ते विचारावं. एकगठ्ठा पैसे भरू नयेत.

पाटीवरच्या शब्दांत फरक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. एडीएचडीत औषधाचा अनेकांना चांगला उपयोग होतो, ऑटिझमला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र पदव्युत्तर शिक्षण आणि अनेक वर्षांचा सराव असू शकतो, तसंच दोन दिवसांचं शिबिरही.

रील पाहून स्वतःचं निदान पक्कं करू नये. एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची स्वयंचाचणी आहे, पण ती फक्त पुढच्या तपासणीची गरज सुचवते. लक्ष न लागण्यामागे थायरॉइड, रक्ताची कमतरता किंवा झोपेचे विकारही असू शकतात. तपासणीला जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्यावीत. त्यातले ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असे शेरे तज्ज्ञाला बरंच सांगून जातात. शक्य असेल तर आई, आत्या, मोठी बहीण यांपैकी कुणीतरी बरोबर असावं.

कायद्याची बाजूही माहीत हवी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. घरचे फी भरतात म्हणून त्यांना सगळं सांगितलं जाईल, असं नाही.

गृहपाठानंतर दोन-तीन दिवस बोलणं बंद होत असेल, झोप उडत असेल, रोजची कामंही सुटत असतील, तर ते त्याच आठवड्यात सांगावं. सांगूनही गृहपाठ तोच राहिला, तर थांबावं. समोर बोलणं जमत नसेल, तर चार ओळींचा निरोप पाठवावा, तेवढा पुरतो. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र योग्य समुपदेशक मिळेपर्यंत थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मदत करते.

तिच्या घरी सगळं उमगलंय, असं नाही. भाऊ अजून विचारतो, “मग आता बरी झालीस ना?” गेल्या वैशाखात त्याच्याच मुलीचं लग्न होतं. ती मुहूर्ताच्या थोडं आधी गेली, कानात बोळे घालून मागच्या दाराजवळच्या टेबलावर बसली आणि अहेराची वही तिने मागून घेतली. नावं, आकडे, ओळीत. अक्षता टाकल्या, बँड सुरू व्हायच्या आत निघाली. दारात आत्या भेटली : “जेवल्याशिवाय चाललीस?” पूर्वी तिने काहीतरी कारण रचलं असतं. या वेळी म्हणाली, “आत्या, मला या आवाजाचा त्रास होतो. डबा देतेस का भरून?” आत्या क्षणभर बघत राहिली आणि मग वाढप्याला हाक मारायला वळली.