ऐकू येते, पण कळत नाही

"अण्णांना ऐकू येते, पण ऐकायचे नसते," असे म्हणण्याची आमच्या घरात सर्वांनाच सवय झाली होती. अण्णा म्हणजे माझे वडील. इंदूरच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात त्यांची तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर त्यांचे भजनास जाणे सुटले. 'सहाला निघायचे' म्हटले तर दहापर्यंत स्वस्थ बसून राहत. जरा मोठ्याने बोलावे, तर "ओरडतोस कशाला? बहिरा नाही मी!" म्हणून उखडत. मी स्वतः कानांचा डॉक्टर. दिवसभर लोकांचे कान तपासून घरी यावे आणि वडिलांच्या या वागण्यास वयाचा हेकटपणा म्हणावे, असे कित्येक वर्षे चालले. शेवटी त्यांची तपासणी झाली, तेव्हा बहिरेपण चांगलेच जुने असल्याचे दिसून आले. माझ्या हातून झालेली चूक इतरांच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम कानाची रचना थोडक्यात पाहू. बाहेरून आलेला आवाज सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे असतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. ही हाडे तो कंप आतील शंखाकृती नळीत पोहोचवितात. त्या नळीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या कंपाचे रूपांतर संदेशात करतात आणि श्रवणतंतू तो संदेश मेंदूकडे नेतात.

बिघाड पडदा व हाडांपर्यंतच्या वाटेत असेल, तर तो बहुधा दुरुस्त होतो. तो केशपेशी किंवा श्रवणतंतूत असेल, तर गेलेले सहसा परत येत नाही, कारण माणसाच्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. काही रुग्णांत दोन्ही बिघाड एकत्र असतात. हा भेद ओळखण्यास साधा नादकाटा पुष्कळ उपयोगी पडतो. वाजता काटा कानामागच्या हाडावर टेकविला असता कानासमोर धरण्यापेक्षा मोठा ऐकू आला, तर दोष बहुधा वाटेत आहे असे समजावे. नेमके माप मात्र यंत्रावरच्या श्रवणतपासणीनेच कळते.

वाटेतील बिघाडांचे पहिले कारण मळ. खरे तर मळ हे कानाचे संरक्षणच आहे व बहुतेकांचा तो आपोआप बाहेर येतो. काडी, केसांची पिन, किल्ली किंवा कापूस गुंडाळलेली काडी घालून आपण तो उलट आत ठासतो. रस्त्यावर कान कोरून घेणाऱ्यांना तर काय म्हणावे! दुसरे कारण आपले लाडके तेल. लसूण घालून तापविलेले तेल ठणकत्या कानात ओतण्याची चाल अजून गेलेली नाही. डोळ्यांत तेल घालून जपावे असे आपण म्हणतो ते ठीक, पण कानात ते घालू नये. पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशी धरते आणि खाज सुटते. न्हाऊ घालताना बाळाच्या कानातही तेल सोडू नये.

सर्दीनंतर मुलाचा कान ठणकून फुटतो व वाहू लागतो. नाकामागून कानात जाणारी नळी लहानपणी आखूड व आडवी असल्याने मुलांना हे अधिक होते. 'मोठा झाला की थांबेल' म्हणून अनेक घरी वर्षे घालवितात. पडद्याचे छिद्र शस्त्रक्रियेने बुजविता येते. परंतु स्रावास दुर्गंधी असेल, चक्कर येत असेल वा तोंड वाकडे झाले असेल, तर एक दिवसही थांबू नये. त्या रोगात हाड झिजत जाते व विकार मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. काही तरुण स्त्रियांना, विशेषतः बाळंतपणाच्या सुमारास, कान न वाहताही कमी ऐकू येऊ लागते. त्यांत कधी रिकिबीचे हाड जखडलेले आढळते. १९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी ते हाड काढून कृत्रिम बसविले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रूढ झाली.

आता अण्णांचे दुखणे. धोट्याच्या मागांच्या खात्यात शेजारच्या माणसाशी कानाशी लागून बोलावे लागे. असा गोंगाट रोज सोसला, की उंच स्वर टिपणाऱ्या केशपेशी आधी मरतात. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले म्हणून ऐकू येतात. स, श, त, ख ही व्यंजने हरवतात. म्हणून 'सहा'चे 'दहा' होते. आवाज येतो, शब्द कळत नाही. शिवाय मोठा आवाज अशा कानास एकदम बोचतो, त्यामुळे ओरडलेले असह्य होते. अण्णांचा हेकटपणा तो एवढाच. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण गोंगाट कोठे गेला नाही. रंगपंचमीच्या गेरीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपुढे चालणाऱ्या भोंग्यांजवळ आपण लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहतो. कापसाच्या बोळ्याने तेथे फारसे काही होत नाही. दूर उभे राहावे हे उत्तम. नाहीतर खास कानबोळे मिळतात.

नवजात बालकाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावा, असा दंडक आहे. कारण भाषा शिकण्याचे वय थांबून राहत नाही. आते-मामे भावंडांची लग्ने, गरोदरपणी आईस झालेला रुबेला, जन्मतःची तीव्र कावीळ, काही प्रतिजैविके ही कारणे ठाऊक असावीत. जन्मतःच्या बहिरेपणाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. यंत्राने भागले नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट बसवितात. त्यानंतर वर्षानुवर्षे वाचाशिक्षण घ्यावे लागते, हे आईबापांनी आधीच जाणावे.

एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची गोष्ट होय. त्याच दिवशी एम. वाय. रुग्णालयात वा जवळच्या कानांच्या डॉक्टरकडे जावे. दिवस जातील तसा औषधाचा उपयोग घटत जातो.

अण्णांना यंत्र मिळाले, पण ते दोन महिने कपाटातच राहिले. भांड्यांचा खणखणाट त्यांना सोसवेना. मग रोज तासभर, शांत खोलीत, एका माणसाशी बोलण्यापुरते लावावे असे ठरविले. आम्हीही समोर, उजेडात बसून, न ओरडता सावकाश बोलावयास शिकलो. दिवाळीपर्यंत ते दिवसभर यंत्र लावू लागले. रात्री ते काढून, पुसून, दमट हवेपासून जपण्यासाठी कोरड्या डबीत ठेवण्याचे काम नातीने आपणहून अंगावर घेतले.